पत्र्यावरची थाप

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. अळणावरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये सुधींद्र खिडकीशी बसला होता. आईला, जयलक्ष्मीबाईंना, त्यानं मित्राच्या गावी जातो म्हणून सांगितलं होतं. त्यांनी विश्वासानं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. खरं काम निराळं होतं. अळणावरच्या पुढं, रानाच्या कडेला एका खेड्यात एक जुनी जीप विकायला आहे, असं त्याच्या कानावर आलं होतं.

पोरगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. राहायला हुबळीत, केशवापुरात. वडील लॅमिंग्टन रोडवरच्या एका वकिलांकडे कारकून. घरात सायकलनंतर दुसरं वाहन आलं नव्हतं. पण कॉलेजच्या सहलीत एकदा बस चिखलात रुतली. कुणाचीतरी जीप आली आणि चारी चाकं फिरवत, म्हैस पाण्यातून उठावी तशी, त्या बसला ओढून काढून निघून गेली. तेव्हापासून ह्याच्या डोक्यात तेच. दोन वर्षं त्यानं पोरांच्या शिकवण्या घेतल्या आणि पैसे बाजूला टाकले.

जीप लक्ष्मण अण्णांची. सत्तरीचा माणूस, एक गुडघा वाकत नव्हता. जीप गोठ्यात उभी होती. टप फाटलेला, टायर बसलेले, बॉनेटवर कोंबडी.

"काय बघालायस? लोखंड हाय नुस्तं," अण्णा म्हणाले.

"इंजिन चालतं?"

"त्याला काय धाड भरलीय? मी चालत न्हाई, ते चालतंय."

सुधींद्रनं वाकून सगळं पाहिलं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध पेल्याएवढी गोल चकती होती. तिला हब म्हणतात. चारी चाकांना जोर हवा असला की कुणीतरी खाली उतरायचं, दोन्ही चकत्या हातानं 'लॉक'वर फिरवायच्या आणि परत चढायचं. मग पुढची चाकंही ओढायला लागतात. चांगल्या रस्त्यावर आलं की पुन्हा उतरून 'फ्री'वर करायच्या.

"तुमचा गुडघा असा. मग उतरायचं कोण?" सुधींद्रनं सहज विचारलं.

 अण्णांनी कोंबडी हुसकली आणि बॉनेटवर हात ठेवून ते सांगायला लागले.

उतरायची त्यांची बायको, जनाबाई. त्या भागात पावसाळ्यात दुसरी गाडी चालायची नाही. साप चावलेला, बाळंतीण, तापानं फणफणलेलं पोर, सगळी याच जीपमधून दवाखान्यात जायची. जनाबाई मागच्या फळीवर बसायची. ओढा आला की उडी मारून उतरायची, चकत्या फिरवायची, मागं चढायची. अण्णा विचारायचे, 'बसलीस काय?' ती आतून पत्र्यावर थाप मारायची. मगच गाडी हलायची.

"तीन वर्सांमागं, आषाढात, एक बाळंतीण होती गाडीत. ओढ्याच्या मध्यावर चाकं फिराय लागली. जना उतरली. बाळंतीण वरडाय लागली बघ... मला काय सुचंना. चकत्या बसल्या म्हणताना मी क्लच सोडला. विचारलंच न्हाई." अण्णांचा आवाज तसाच, हळू. "पल्याड जाऊन मागं बघतो तर फळी मोकळी. बाळंतीण वाचली. पोर पण वाचलं. जना दोन दिसांनी घावली, खालच्या अंगाला."

सुधींद्रनं मागच्या फळीकडे पाहिलं. अण्णा पुढं बोलतच होते.

"त्याच्यामागनं रोज विचारतो. या गोठ्यात बसून विचारतो. बसलीस काय, जना? एकदा पण थाप आली न्हाई. रागावलीया माझ्यावर."

किमतीचं बोलणं पानाला चुना लावायच्या आत संपलं. सुधींद्रनं खिशात होतं तेवढं सांगितलं आणि अण्णांनी मान हलवली. पण एक अट घातली.

"हब फिरवाय कोण बी उतरू दे, तू एकला अस न्हाईतर धा जण असा, इचारल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. आणि कधी थाप आलीच, तर मला येऊन सांगायचं. दुसरं काय नको मला."

"सांगतो, अण्णा," सुधींद्र म्हणाला. म्हातारं मन आहे, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाला. शब्द मात्र दिला.

*

जीप हुबळीत आली ती ट्रॅक्टरच्या मागं बांधून. "ते भंगार माझ्या दारात नको," असं आईनं बजावलं, म्हणून ती बायपासच्या कडेला मंजुनाथच्या गॅरेजात राहिली. मंजुनाथ कन्नड माणूस, मराठी तोडकीमोडकी, पण हातात कला. सुधींद्रनं रोज संध्याकाळी कॉलेजनंतर यायचं, मिळेल ते काम करायचं आणि त्या बदल्यात जागा आणि हत्यारं वापरायची, असं ठरलं.

"इंजिनियर साहेब्र, हे गाडी नाही. हे भाजी आहे," मंजुनाथ म्हणायचा. "मार्केट संपल्यावर जे राहतंय, ते आणून घालायचं."

आणि खरंच तसंच चाललं होतं. अमरगोळच्या मार्केट यार्डात मोडून पडलेल्या वजनकाट्याची लोखंडी पट्टी आणली, तिचा पुढचा बंपर झाला. सीट मोडीत निघालेल्या बसच्या. पाट्यांची स्प्रिंग नरम झाली होती, तर एका टेम्पोची एक पाटी जादा घातली आणि गाडी चार बोटं वर उचलली. पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवा ओढायची उभी नळी लागते. ती विकत घ्यायची ऐपत नव्हती. शेतातल्या मोटारीचा जुना पाइप वाकवून काचेच्या बाजूनं वर चढवला.

"आता छत्री लाव म्हंजे झालं," मंजुनाथ हसला.

मार्चच्या अखेरीला इंजिन सुरू झालं. गाडी पहिल्यांदा आपल्या पायांवर हलवायची होती. दिवस मावळायला आला होता. शेडमध्ये पत्र्याच्या फटींतून पिवळा उजेड येत होता आणि सगळीकडे डिझेलचा वास. मंजुनाथ समोर उभा राहून दोन्ही हातांनी 'ये, ये' करत होता. सुधींद्रनं उतरून दोन्ही चकत्या लॉकवर फिरवल्या. परत चढला. गिअर टाकला. तेवढ्यात अण्णांना दिलेला शब्द आठवला, आणि स्वतःशीच हसत, मान न वळवता तो म्हणाला,

"बसलात काय?"

थप... थप.

मागच्या पत्र्यावर, आतून. तळहाताच्या दोन थापा. जोरात नाहीत. रोजचं काम असल्यासारख्या.

मंजुनाथचे दोन्ही हात समोर, हवेत तसेच राहिले होते.

"हिंद यार अदार?" तो हळूच म्हणाला. मागे कोण आहे?

सुधींद्रनं वळून पाहिलं. फळी मोकळी. एक पाना आणि तेलाचा डबा, बास. इंजिनाच्या धक्क्यानं पत्रा वाजला असेल, असं मंजुनाथ म्हणाला. म्हणताना त्यानं गळ्यातली इष्टलिंगाची डबी मुठीत धरली होती.

त्या आठवड्यात सुधींद्रनं आणखी तीनदा विचारून पाहिलं. इंजिन बंद ठेवून विचारलं. भर दुपारी विचारलं. दर वेळी दोन थापा, त्याच मापाच्या. न विचारता काही नाही.

अळणावरला जायला हवं होतं. शब्द दिला होता. पण पोर घाबरलं. गेलो आणि सांगितलं, तर ती गोष्ट खरी होऊन बसेल, असं त्याला वाटायचं. शिवाय म्हातारा गाडी परत मागेल, ही भीती वेगळीच. दोन वर्षांच्या शिकवण्या तिच्यात गेल्या होत्या. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करत राहिला.

एकदा अण्णांचाच फोन आला. सून सीतानं लावून दिला असावा.

"गाडी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे, अण्णा."

 तिकडे कुठंतरी बकरी ओरडत होती. पुढचं अण्णांनी विचारलं नाही.

"बरं तर. जप," म्हणाले आणि फोन ठेवला.

*

एप्रिलमध्ये उजव्या हबचे दाते झिजलेले निघाले. नवी जोडी घ्यायची म्हणजे इंजिनाएवढे पैसे. मंजुनाथनं तोड काढली.

"हे काढून टाकूया. लेथवर दोन प्लेट करतो, फिक्स. पुढचं चाक कायम जोडलेलं. उतरायचं नको, फिरवायचं नको."

"आणि विचारायचंही नको," सुधींद्र मनात म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं. अट काय होती? हब फिरवायला कुणी उतरलं तर विचारायचं. उतरायचंच नाही, तर अट मोडली कुठं? हुशार पोरं अशीच चुकतात.

प्लेट बसल्यावर जुने दोन्ही हब पुसून त्यानं शेडमधल्या मांडणीवर ठेवले. दोन्ही चकत्या 'फ्री'वर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तर दोन्ही 'लॉक'वर.

"मंजुनाथ अण्णा, तुम्ही फिरवलेत?" त्यानं विचारलं.

"मला काम नाही काय?"

सुधींद्रनं त्या 'फ्री'वर केल्या. पुढच्या संध्याकाळी पुन्हा 'लॉक'. असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी त्यानं चकती हातात घेतली तेव्हा ती गार होती. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा, विहिरी तळाला गेलेल्या. आणि चकतीच्या खाचेत तांबडी माती होती, ओली. हुबळीची माती काळी. त्यानं बोटानं ती उकरली, नाकाशी नेली. पाणवनस्पतीचा, शेवाळाचा वास आला. वाहत्या पाण्याच्या काठाला येतो तो.

त्या वासानं मात्र तो मांडणीशीच खाली बसला. भीतीनं नव्हे. कुणीतरी रोज येतं, गाडी शोधतं, चाकात हात घालतं, तिथं हब नाही. मग मांडणीवर चाचपून ते शोधतं आणि आपलं काम करून ठेवतं. आणि गाडी सुटते तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. हे त्याला एकदम दिसलं.

"मंजुनाथ अण्णा, प्लेट काढा. हब परत बसवू."

"दाते झिजलेत की!"

"भरून घेऊ. वेल्डिंग करून कानशीनं घासतो मी. रात्र झाली तरी चालेल."

मंजुनाथनं त्याच्याकडे पाहिलं, मांडणीकडे पाहिलं, आणि काही न विचारता पाना उचलला.

*

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जीप अण्णांच्या दारात उभी राहिली. सीता अंगणात पापड वाळवत होती.

"मामा, तुमचं लोखंड आलं बघा नटून!" ती आत ओरडली. "बंपर काय, नळी काय. नवरदेवागत दिसतंय."

अण्णा काठी टेकत आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, सुधींद्रच्या तोंडाकडे पाहिलं.

"थाप आली," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणालेच.

"हो."

"कधी?"

"मार्चात." सुधींद्रनं मान खाली घातली. "मला भीती वाटली, अण्णा. मी चुकलो."

अण्णा बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. संक्रांतीपासून हा माणूस उंबऱ्यावर बसून रस्ता बघत होता, हे सीतानं नंतर सांगितलं. पण ते रागावले नाहीत.

"भ्यालास. भिणारच की. ल्हान हायस." मग म्हणाले, "चल, वड्याकडं जाऊया. तिथं इचारतो."

ओढा दोन मैलांवर. रस्ता कसला, गाडीच्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना साग आणि ऐनाची झाडं, पानं गळून खाली पसरलेली, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. ऊन उतरायला लागलं होतं. ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. तेवढंच, पण त्याचा आवाज येत होता.

सुधींद्र उतरायला लागला तशी अण्णांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"आज मी उतरतो."

त्या गुडघ्यानं ते उतरले कसे, कोण जाणे. एक हात बंपरवर, एक काठीवर. पाण्यात उभे राहून त्यांनी उजवी चकती फिरवली, मग पुढून वळसा घालून डावी. प्रत्येक वेळी चकतीवर हात जरा जास्तच वेळ राहिला. मग सुधींद्रनं हात दिला आणि ते डाव्या सीटवर येऊन बसले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. धाप लागली होती.

इंजिन चालू होतं, मंद. सुधींद्रनं ते बंद केलं. कुठलाच संशय नको.

अण्णा समोर बघत होते. मान वळवायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"जना... बसलीस काय?"

पाण्याचा आवाज. वर कुठंतरी एक पान देठातून सुटलं, फांद्यांना लागत लागत खाली आलं.

काही नाही.

सुधींद्रच्या मनात आलं, आपण विचारावं का. आपल्याला उत्तर मिळतं. पण ते त्याचं विचारणं नव्हतं.

अण्णांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग आला. लहान पोरासारखा.

"त्या दिवशी इचारलं न्हाई गं मी... आता इचारतो. बसलीस काय?"

किती वेळ गेला ते सुधींद्रला पुढं कधी सांगता आलं नाही. शेवाळाचा वास आला, अगदी जवळ. मागची फळी हलकीशी करकरली. गाडी मागच्या अंगाला केसभर दबली.

थप... थप.

अण्णांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी खाली आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"सोड गाडी," ते म्हणाले.

चारी चाकांनी गाळ धरला. जीप पाण्यातून गेली आणि पलीकडच्या चढावर चढली, कसलाही त्रास न देता. त्यांनी गाडी वळवली, तशीच परत आणली.

घरी सीतानं चहा केला. अण्णा उंबऱ्यावर बसून बशीतून प्याले. चेहऱ्यावरची एक सुरकुती कमी झाल्यासारखे दिसत होते. गाडी परत मागायचं त्यांच्या मनातही नव्हतं. उलट म्हणाले, "चालव. आडल्यानडल्याला ने. ठेवून गंजवू नको." सुधींद्रच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तो निघाला तेव्हा अण्णा गाडीपर्यंत सोडायला आले. सीता आत होती. त्यांनी सुधींद्रचा हात दोन्ही हातांत धरला.

"पोरा, तुला म्हणून सांगतो. ट्रकवरचे सगळे क्लीनर दोन थापा मारतात. जना एकच मारायची. तीस वर्सं, एकच."



"मग दुसरी...?" सुधींद्रनं विचारलं.

"काय की." अण्णांनी मागच्या फळीकडे एकदा पाहिलं. "लई माणसं नेली या गाडीतनं. समदी काय परत आली न्हाईत." मग त्यांनी त्याचा हात थोपटला. "दोनांतली एक तिची आसंल. मला एक पुरे."

आणि काठी टेकत ते घराकडे गेले.

तीन मैलांवर डांबरी रस्ता लागला. संध्याकाळ अजून उजेडी होती, मावळतीच्या बाजूला आभाळ तांबूस होतं. डांबरावर हब 'फ्री' करायला हवेत. सुधींद्र उतरला. दोन्ही चकत्या फिरवल्या. परत चढून बसला, दार लावलं, गिअर टाकला. समोरून एक दुधाची गाडी गेली आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला.

न विचारता जावं, असं एकदा मनात आलं. मग अण्णांची ती मोकळी फळी आठवली. गाडी तशी हलवणं आता त्याच्या हातून होणार नव्हतं.

"बसलात काय?"

थप.

तो वाट बघत राहिला. दुसरी आली नाही.

म्हणजे एकजण अण्णांच्या अंगणात उतरलं होतं, आणि एकजण मागं बसलेलं होतं. जनाबाई घरी राहिली असेल, तर आपल्या मागं कोण आहे. आणि मागं जनाबाई असेल, तर तिकडं, दिवेलागणीला, अण्णा आणि सीता यांच्याबरोबर घरात कोण शिरलं. थाप ओळखता आली असती तर कळलं असतं. पण जनाबाईची थाप त्यानं तिच्या हयातीत कधी ऐकली नव्हती.

मागं वळून बघायच्या आधीच, फळीवर बसलेल्यानं पुन्हा एकदा, निघ म्हणावं तसा, जरा घाईनं, पत्रा वाजवला.